इंग्रजीच्या तासांतील एक प्रश्न

गेल्या वर्षीं आम्ही नववींत असतांना इंग्रजीच्या तासाला सरांनीं निबंधासाठीं एक विषय दिला : ‘आपल्या काळांतील एक सामाजिक दोष.’ अशा विषयाचें आम्हां विद्यार्थ्यांस भय वाटत नाहीं. हुंडा, बालमजुरी, व्यसनें, भ्रष्टाचार, अस्पृश्यता ही यादी पाठ असते. बाजारांत मिळणाऱ्या गाईडांत प्रत्येकावर दीड पान तयार असतें. आरंभीं एखाद्या थोर पुरुषाचें वचन आणि शेवटीं ‘आपण सर्वांनीं मिळून’ या अर्थाचें एक वाक्य घातलें कीं दहांपैकीं आठ गुण ठरलेले. मीं अस्पृश्यता हा विषय घेतला. कां घेतला, याचें खरें कारण सांगावयाचें तर त्या विषयांतील लांबलचक शब्दांचें स्पेलिंग मला येत होतें.

चार दिवसांनीं वही परत आली. पहिल्याच परिच्छेदांत एक वाक्य होतें. त्याचा मराठींत अर्थ असा : ‘राज्यघटनेनें बंदी घातली असूनही कांहीं ठिकाणीं अस्पृश्यता अद्याप पाळली जाते.’ वाक्य शुद्ध होतें. स्पेलिंगची चूक नव्हती. तरी त्याखालीं तांबड्या शाईची रेघ होती आणि समासांत दोनच शब्द होते : ‘बाय हूम?’ म्हणजे, कोणाकडून?

मला प्रथम रागच आला. व्याकरणाच्या तासाला सरांनींच शिकविलें होतें कीं, कर्ता अज्ञात असेल, अथवा सर्वांस ठाऊक असल्यामुळें सांगण्याची गरज नसेल, तर ‘पॅसिव्ह व्हॉइस’मध्यें तो गाळला तरी चालतो. मीं तो नियमाप्रमाणें गाळला होता. वही घेऊन मी टेबलापाशीं गेलें व हें सांगितलें. सर हंसले नाहींत, रागावलेही नाहींत. ते म्हणाले, “कर्ता ठाऊक नाहीं म्हणून गाळलास, कीं ठाऊक आहे म्हणून? उत्तर लिहून आण.” इतक्यांत घंटा झाली.

त्या उत्तराला मला जवळजवळ एक सहामाही लागली. मधल्या काळांत जें पाहिलें व शाळेच्या ग्रंथालयांतून आणून जें वाचलें, तेंच येथें आमच्या वार्षिकाच्या वाचकांपुढें ठेवीत आहें.

प्रथम व्याकरणाचाच विचार केला, कारण तेवढाच माझ्या आटोक्यांतला होता. मराठींत कर्मणि प्रयोग पूर्वापार आहे. ‘रामानें रावण मारिला’ या वाक्यांत क्रियापद रावणाच्या मागें जातें, परंतु राम आपला ‘नें’ प्रत्यय लावून वाक्याच्या तोंडाशीं उभाच असतो. त्याला काढून टाकून नुसतें ‘रावण मारिला’ म्हणून पाहावें. कान लगेच विचारतो, कोणीं? याच्या शेजारीं दुसरें वाक्य ठेवावें : ‘रावण रामाकडून मारला गेला.’ या रचनेस आमच्या व्याकरणाच्या पुस्तकांत नवीन कर्मणि म्हणतात आणि ती इंग्रजीच्या वळणानें मराठींत आली असें सांगतात. येथून ‘रामाकडून’ हा शब्द उचलला तरी वाक्य लंगडें होत नाहीं. ‘रावण मारला गेला.’ बस्स. मारणारा कोणी होता कीं नव्हता, याची वाक्याला फिकीर नाहीं. आमच्या वर्तमानपत्रांत अशीं वाक्यें रोज दिसतात : घरें जाळण्यांत आलीं, पाणी बंद करण्यांत आलें, मुलीला शाळेंतून काढण्यांत आलें.

यावरून इंग्रजी भाषाच लबाड आहे असा निष्कर्ष काढून मी मोठ्या आनंदानें सरांकडे जाणार होतें. पण तो टिकला नाहीं. कर्त्याच्या बाबतींत इंग्रजीइतकी काटेकोर भाषा मला तरी दुसरी ठाऊक नाहीं. आपण ‘गेलों, आलों’ म्हटलें तरी भागतें; इंग्रजीला प्रत्येक क्रियापदापूर्वीं कर्ता हवाच. पाऊस पडतो म्हणावयाचें असेल तर त्या पावसालासुद्धां ती ‘इट’ नांवाचा एक कर्ता नेमून देते! जी भाषा पावसालाही कर्त्यावांचून पडूं देत नाहीं, तिच्या माथीं माझ्या वाक्याचा दोष मारतां येईना. कर्ता मींच गाळला होता.

आतां घरची गोष्ट सांगणें भाग आहे. आमच्या घरीं भांडींधुण्याला एक बाई येतात. त्यांना मी लहानपणापासून मावशी म्हणतें. मावशी म्हणजे आईची बहीण. आजी त्यांना ‘तूं’ म्हणते. मी ‘अहो’ म्हणतें, आणि एवढ्यावर स्वतःस सुधारलेली समजत असें. त्यांना चहा रोज मिळतो. आजी तो कधींही चुकवीत नाहीं, पावसाळ्यांत तर आलें घालून देते. ज्या कपांतून तो मिळतो, तो कप स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकींत पालथा घातलेला असतो. निळ्या फुलांचा आहे. त्याचा कान शाबूत आहे. तुटका कप दिला असें आजीस कोणी म्हणूं शकणार नाहीं. आमच्या घरांतील सगळे कप मावशीच घांसतात व फळीवर रचतात. आपला कप त्या शेवटीं घांसतात आणि खिडकींत ठेवतात. तो फळीवर कधींच नसतो, ही गोष्ट पंधरा वर्षांत माझ्या लक्षांत आली नव्हती. समासांतले ते दोन शब्द वाचून घरीं आलें त्या संध्याकाळीं ती प्रथम दिसली.

“आजी, मावशींचा कप वेगळा कां?”

“वेगळा कसला? तो तिचाच आहे. दुसऱ्या कपांत दिला तर तीच म्हणेल, बाई, माझा कप द्या.”

हें अक्षरशः खरें आहे. मावशींना तसें म्हणतांना मीं ऐकलें आहे.

“पण तो पहिल्यांदा तिथें कोणीं ठेविला?”

“तो पहिल्यापासून तिथेंच आहे.”

आईनें स्वच्छतेचें कारण सांगितलें. बाबा कांहीं बोलले नाहींत. त्यांनीं माझा निबंध आधींच वाचला होता आणि माझ्या इंग्रजीचें कौतुकही केलें होतें. मला आजीचा राग आला नाहीं, हें येथें नमूद करतें. राग येण्याइतकी मी तिच्याहून वेगळी नव्हतें. तिच्या वाक्यांत कर्ता नव्हता, तसा माझ्याही नव्हता. फरक इतकाच कीं माझ्या वाक्याला गुण मिळाले असते.

मग वाटलें, हाच निबंध मीं मराठींत लिहिला असता तर? मराठींत अस्पृश्यता या शब्दाजवळ दुसरे शब्द येऊन बसतात : शिवाशीव, विटाळ, सोवळें. हे शब्द मीं आमच्या स्वयंपाकघरांत ऐकलेले आहेत. ते कोणाच्या तोंडीं, कोणत्या आवाजांत ऐकले, तें मला आठवतें. ते लिहितांना माझा हात थांबला असता. ‘कास्ट’ हा शब्द लिहितांना थांबला नाहीं. तो शब्द इंग्रजांचाही मूळचा नव्हे. पोर्तुगीज लोकांनीं वंश, कुळी या अर्थाचा आपला ‘कास्ता’ हा शब्द आपल्या समाजाला लावला व त्यावरून तो इंग्रजींत गेला. दर्यावर्दी लोकांनीं किनाऱ्यावरून पाहून जें नांव दिलें, तेंच मी नागपुरांत बसून वापरीत होतें, जणूं मीही जहाजांतूनच पाहत होतें.

परंतु हें लांबून पाहणें केवळ वाईटच, असें मात्र नाहीं. तें ज्यांच्या उपयोगी पडलें त्यांची हकीकत वाचल्यावर माझें मत पुन्हां डळमळलें.

आपल्या नागपुरांत स्कॉटलंडच्या फ्री चर्चतर्फे रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे १८४५ सालीं आले. त्या वेळीं येथें तिसऱ्या रघूजी भोसल्यांचें राज्य होतें. पुढच्याच वर्षीं हिस्लॉप यांनीं शाळा घातली. १८५३ च्या डिसेंबरांत राजे निपुत्रिक वारले आणि १८५४ सालीं डलहौसीनें राज्य खालसा केलें. (‘राज्य खालसा झालें’ असें म्हणण्याची रीत आहे, तेथेंही कर्ता शोधण्याची मला आतां खोड लागली आहे.) त्यानंतर इंग्रजीच्या बाकावर बसणें म्हणजे कचेरीच्या वाटेवर बसणें, असा अर्थ झाला. स्वतः हिस्लॉप मात्र निराळ्या वाटेचे दिसतात. ते दगड, खडक, जीवाश्म गोळा करीत. एका खनिजास त्यांच्या नांवावरून हिस्लॉपाइट म्हणतात. आणि ते गोंडांपाशीं बसून त्यांच्या भाषेंतील गीतकथा उतरून घेत. टाकळघाटाजवळचीं प्राचीन शिलावर्तुळें पाहून परततांना ४ सप्टेंबर १८६३ रोजीं ते ओढ्याच्या पुरांत बुडून वारले. त्यांचे ते कागद सर रिचर्ड टेंपल यांनीं १८६६ सालीं छापून काढले. इंग्रजी शिकविणारा माणूस स्वतः दुसऱ्याच्या भाषेच्या वर्गांत विद्यार्थी होऊन बसला होता, ही गोष्ट आमच्या इंग्रजीच्या तासाला कोणी सांगत नाहीं. १८८३ सालीं निघालेलें हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नांवाचें आहे.

वर्ग निघाले, पण त्यांत बसावयाचें कोणीं? या प्रश्नाचा निकाल नागपुरापासून दूर, त्या काळीं मुंबई इलाख्यांत असलेल्या धारवाडास लागावयाचा होता. १८५६ च्या जूनमध्यें एका महार मुलानें तेथील सरकारी शाळेंत प्रवेशासाठीं अर्ज केला. तो नाकारला गेला. कोणाकडून, हें येथें स्वच्छ लिहितां येतें : प्रथम शाळेकडून आणि मागाहून मुंबई सरकारकडून. सरकारचें म्हणणें असें कीं, न्याय मुलाच्या बाजूस आहे खरा, पण एकट्यासाठीं बाकीच्यांना शाळा सोडावयास लावणें बरें नव्हे. पुढें १८५८ सालीं कंपनीच्या विलायतेंतील संचालकांनीं सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचा निर्वाळा दिला. त्या मुलाचें पुढें काय झालें, तें मला कोठें वाचावयास मिळालें नाहीं. आमच्या वर्गांत रोज हजेरी होते. एखादें नांव पुकारलें जाऊन उत्तर आलें नाहीं कीं मला त्याची आठवण होते.

जी अडचण शाळेच्या दारांत, तीच आंत एकेका विषयाच्या वर्गाच्या दारांत. डॉ. आंबेडकर मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलांत शिकत असतां त्यांना संस्कृत घ्यावयाचें होतें. तें त्यांना मिळालें नाहीं. पर्शियन घ्यावें लागलें. १९०७ सालीं ते मॅट्रिक झाले. संस्कृताचें दार बंद होतें, इंग्रजीचें नव्हतें. आणि इंग्रजींत ‘तूं’, ‘अरे’, ‘आपण’ असे भेद नाहींत; सर्वांस एक ‘यू’. ज्याला जन्मभर ‘अरे’ ऐकावें लागलें, त्याच्या कानाला तें सर्वनाम कसें लागलें असेल, याची कल्पना मला करतां येत नाहीं. मला घरांत कोणी ‘अरे’च्या पायरीवर बसविलें नाहीं. माझ्यासाठीं इंग्रजी हा एक पडदा होता. त्यांच्यासाठीं ती खिडकी होती. एकच भाषा, एकच वर्ग.

हें वाचीत असतां ग्रंथालयाच्या बाईंनीं मला एक लहानसा निबंध काढून दिला. तो वाचला नसता तर हा लेख लिहिण्याचें धाडस मीं केलें नसतें. पुण्यास जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या शाळेंत मुक्ता नांवाची मांग जातीची एक मुलगी शिकत होती. वय सुमारें चौदा, म्हणजे माझ्याहून लहान. तिनें मांग-महारांच्या दुःखांवर निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ च्या अंकांत दोन हप्त्यांनीं छापून आला. ‘ज्ञानोदय’ हें अमेरिकन मराठी मिशनचें पत्र, १८४२ सालीं अहमदनगरास निघालेलें.

विषय पाहावा, तर सरांनीं आम्हांला दिला तोच. ‘आपल्या काळांतील एक सामाजिक दोष.’ पण मुक्ताबाईच्या निबंधांत कोठेंही कर्ता गाळलेला नाहीं. वेद पाहण्याचा अधिकार ज्यांना नाहीं, त्यांचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवाला विचारते. बाजीरावाच्या राजवटींत तालीमखान्यासमोरून गेलेल्या मांग-महारांचें काय होई, इमारतीच्या पायांत कोणाला पुरीत, कोणाच्या जमिनी कोणीं घेतल्या, हें ती नांवें घेऊन सांगते. बाळंत होतांना ज्यांच्या डोक्यावर छप्पर नसतें, अशा आपल्या जातीच्या बायकांची दशा ती लिहिते. आणि तें लिहितांना ती लांबून पाहत नाहीं, कारण तें तिच्या घरचें आहे. अखेरीस आपल्याच लोकांना विद्या शिकण्याविषयीं विनविते. मीं माझा निबंध तिच्या निबंधाशेजारीं ठेवून पाहिला. माझ्या निबंधांत ‘समाज’ हा शब्द सतरा वेळां आला होता आणि माणूस एकही नव्हता.

तिची शाळा काढणारे जोतीराव स्वतः पुण्याच्या स्कॉटिश मिशनच्या इंग्रजी शाळेंत १८४१ ते १८४७ पर्यंत शिकले. तेथून बाहेर पडण्याच्या सुमारास त्यांनीं टॉमस पेन यांचें मानवी हक्कांवरील पुस्तक वाचलें. इंग्रजीच्या शिक्षणाचा असा उपयोग करणारा विद्यार्थी शतकांतून एखादाच निपजत असेल. पुढें १८७३ सालीं त्यांनीं ‘गुलामगिरी’ छापलें. तें पुस्तक गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेंतील लोकांना अर्पण केलें आहे. प्रस्तावना इंग्रजींत आहे आणि आंतील संवाद मराठींत. मला वाटतें, कोणती गोष्ट कोणाला ऐकवावयाची, हें ज्याला पक्कें ठाऊक असतें त्याला भाषेचा गोंधळ पडत नाहीं. १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें तें इंग्रजींत, कारण ऐकणारा सरकार होता. डॉ. आंबेडकरांनींही १९२० सालीं ‘मूकनायक’ काढला तो मराठींत. जातिसंस्थेच्या उच्छेदावरील १९३६ सालचें भाषण छापलें तें इंग्रजींत. आणि आपल्या नागपुरास १४ ऑक्टोबर १९५६ रोजीं धर्मांतर केल्यावर दुसऱ्या दिवशीं लाखों लोकांपुढें त्याचीं कारणें सांगितलीं, तीं मराठींत.

नागपुरच्याच आणखी दोन माणसांविषयीं थोडें लिहितें, कारण त्यांची नांवें आमच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकांत मला आढळलीं नाहींत. मोहप्याचे किसन फागूजी बनसोडे यांनीं १९०७ सालीं नागपुरांत मुलींसाठीं चोखामेळा यांच्या नांवें शाळा काढली. ‘निराश्रित हिंद नागरिक’, ‘मजूर पत्रिका’, ‘चोखामेळा’ अशीं पत्रें त्यांनीं एकामागून एक चालविलीं. एक बंद पडलें कीं दुसरें काढलें. दुसऱ्या जाईबाई चौधरी. यांचा जन्म १८९२ सालचा, उमरेडचा. नागपूर आणि कामठी यांच्या दरम्यान डोक्यावरून ओझीं वाहण्याचें काम त्या करीत. त्या वाटेनें मी बसनें अनेकदां गेलें आहें. बसमध्येंही ती लांब वाटते. ग्रेगरी नांवाच्या मिशनरी बाईंना त्यांना लिहितांवाचतां येतें असें समजलें, तेव्हां त्यांनीं जाईबाईंना मिशनच्या शाळेंत शिक्षिका नेमलें. पगार दरमहा चार रुपये. पण शिकविणारी बाई महार आहे हें कळतांच पालकांनीं गिल्ला केला आणि ती नोकरी गेली. १९२२ सालीं जाईबाईंनीं संत चोखामेळा यांच्या नांवानें स्वतःचीच मुलींची शाळा काढली.

त्यांच्या चरित्रांतील आणखी एक प्रसंग असा. १९३७ च्या डिसेंबरांत अखिल भारतीय महिला परिषदेचें अधिवेशन नागपुरास भरलें. देशभरांतील सुशिक्षित स्त्रिया आल्या होत्या. स्त्रियांच्या हक्कांवर उत्तम भाषणें झालीं असतील. जेवणाच्या वेळीं जाईबाईंना वेगळें बसविलें. त्याच्या निषेधार्थ १ जानेवारी १९३८ रोजीं दलित स्त्रियांनीं आपली सभा भरविली. मीं हें वाचलें तेव्हां पुस्तक मिटून ठेविलें व स्वयंपाकघरांत जाऊन पाणी प्यालें. खिडकी समोरच होती.

इंग्रजीचा वर्ग ज्यांच्यासाठीं खिडकी झाला, त्यांच्या नातवंडांना तो आज सहज मिळतो काय? महाराष्ट्रांतील मराठी शाळांत २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी शिकवितात. तरीही इंग्रजी माध्यमाची शाळा ही निराळीच वस्तु राहिली. इंग्रजी म्हणजे वाघिणीचें दूध, असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे; दूध कोणत्या घरीं रतीबानें येतें आणि कोणत्या घरीं नाहीं, हें कोणी म्हणत नाहीं. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानें खासगी विनाअनुदानित शाळांच्या पहिल्या वर्गांत किमान चतुर्थांश जागा दुर्बल व वंचित घरांतील मुलांसाठीं ठेविल्या. अल्पसंख्याकांच्या शाळा सर्वोच्च न्यायालयाच्या २०१२ व २०१४ च्या निकालांनीं त्या कायद्याच्या बाहेर राहिल्या. आमची शाळा त्यांपैकीं एक. निकालामागें घटनेतील मोठें तत्त्व आहे असें सरांनीं समजावून सांगितलें, आणि तें मला पटलेंही. परंतु आमच्या वर्गांत वळून पाहिलें कीं, ज्यांच्या घरीं मावशी येतात अशा मुलीच बहुतेक बाकांवर दिसतात. मावशींच्या मुली दिसत नाहींत.

आमच्या मावशींना मुलगी आहे, हें मला ठाऊक होतें. ती आठवींत आहे, हें मीं कधीं विचारलें नव्हतें. दिवाळीच्या सुटींत मावशींनीं आपण होऊन गोष्ट काढली. “ताई, पोरीला इंग्रजी जमत नाहीं. बाकी साऱ्यांत बरी आहे. रविवारीं आणूं काय?” त्या मला ताई म्हणतात, हेंही मीं तेव्हांच नीट ऐकलें.

ती येऊं लागली. अक्षर माझ्यापेक्षां चांगलें. शब्द पाठ आहेत, पण वाक्य बोलावयाचें झालें कीं ओंठ मिटतात. तिसऱ्या रविवारीं पुस्तकांत ‘व्हॉइस’चा पाठ आला. मीं नियम सांगितले : कर्म पुढें आणावें, क्रियापद बदलावें, कर्ता ‘बाय’ लावून शेवटीं ठेवावा, तो माहीत नसेल तर गाळावा. तिनें विचारलें, “माहीत असेल, पण सांगायचा नसेल तर?” मीं तिला म्हटलें, याचें उत्तर पुस्तकांत दिलेलें नाहीं. तेंच खरें होतें.

त्याच आठवड्यांत मीं जुनी वही काढली आणि समासांतील प्रश्नाखालीं एका ओळीचें इंग्रजी वाक्य लिहिलें. साध्या कर्तरि प्रयोगांत, कर्ता पहिल्या जागीं, प्रथम पुरुष अनेकवचनी. मराठींत त्याचा अर्थ : ‘आम्ही आमच्या घरीं मावशींचा कप वेगळा ठेवतों.’ सरांनीं वही पाहिली, गुण दिले नाहींत, खालीं तारीख घालून सही केली व मला पुढच्या धड्याचें पान काढावयास सांगितलें.

रविवारीं आम्ही दोघी शिकावयास बसतों तेव्हां आजी मध्यें एकदां चहा आणून ठेवते. पहिल्या रविवारीं ती ताटलींत कप मांडतांना थोडी थांबली होती, तें मीं दारांतून पाहिलें. मग तिनें फळीवरचे दोन कप घेतले. तेव्हांपासून फळीवरचेच दोन येतात. मावशींचा निळ्या फुलांचा कप अजून खिडकींतच आहे. मीं तो एकदां उचलून फळीवर ठेविला होता. दुसऱ्या दिवशीं मावशींनीं तो घांसला आणि परत खिडकींत नेऊन ठेविला.